बी पेशींचं रिसेप्टर एडिटिंग, आणि स्वतःच्याच शरीराविरुद्धच्या अँटिबॉडीज येतात कुठून

कृष्णाकाठ

मागे इथे ल्युपसवर (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) एक धागा आला होता, त्यात तीन-चार जणींनी वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलं होतं, की शरीर स्वतःविरुद्धच अँटिबॉडी करायला लागतं म्हणजे नेमकं होतं काय. उत्तरांमध्ये टेन्शन आलं, बाहेरचं खाणं आलं, कोणी जुन्या लसीचं नाव घेतलं, पण बोन मॅरोत (हाडांच्या आतल्या मगजात, जिथे अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी तयार होतात) काय चालतं त्याबद्दल कोणी अक्षर लिहिलं नाही. मी लॅबमध्ये बी पेशींवरच काम करते, पेशंट बघत नाही, तेव्हा औषधांबद्दल मला विचारू नका, पण हा भाग नीट सांगावा असं तेव्हापासून डोक्यात होतं. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

सुरुवात एका आकड्यापासून करते. २००३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत हेडा वार्डेमान, एरिक मेफ्र, मिशेल नुसेन्झ्वाइग या मंडळींनी निरोगी माणसांच्या मॅरोतून एकेक कोवळी बी पेशी वेगळी काढली, तिचे अँटिबॉडीचे जीन्स घेऊन ती अँटिबॉडी लॅबमध्ये बनवली आणि ती माणसाच्याच पेशींना, डीएनएला चिकटते का ते बघितलं. सगळ्यात कोवळ्या पेशींपैकी ५५ ते ७५ टक्के पेशी स्वतःच्याच शरीराला चिकटणाऱ्या निघाल्या. हे निरोगी माणसांत, म्हणजे तुमच्या-माझ्यात. मॅरोतून बाहेर पडेपर्यंत हा आकडा ४० टक्क्यांच्या आसपास येतो आणि रक्तात फिरणाऱ्या तयार, पण अजून कशाशीही न लढलेल्या पेशींत २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे स्वतःविरुद्धचे रिसेप्टर (पेशीच्या अंगावरचे पकडणारे प्रोटीन) तयार होणं हा आजार नाहीच, ते रोजचंच आहे. रोज तयार होतात आणि रोज दुरुस्त होतात. आजार कळायचा असेल तर ही दुरुस्ती कळायला हवी.

इतके चुकीचे तयार का होतात? कारण बी पेशीचा रिसेप्टर (हीच पुढे पेशीबाहेर सोडली की अँटिबॉडी) एका तयार जीनमधून येत नाही. व्ही, डी, जे अशा तुकड्यांतून उचलाउचल करून तो जोडला जातो, सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल याच शोधासाठी मिळालं. कापाकापीचं काम रॅग-१ आणि रॅग-२ हे दोन प्रोटीन करतात. रिसेप्टर दोन प्रकारच्या साखळ्यांचा असतो, आधी मोठी म्हणजे हेवी चेन जोडली जाते, तिचे तुकडे १४ नंबरच्या क्रोमोसोमवर. मग लाइट चेन, ती कप्पा असते (२ नंबर) किंवा लॅम्डा (२२ नंबर). तुकडे कोणते निवडायचे ते नशिबावर, वर सांध्यावर एक-दोन अक्षरं कमी-जास्त होतात तीही नशिबावर, त्यामुळे बाहेर कधीही न बघितलेल्या व्हायरसला पकडणारा रिसेप्टर जसा तयार होतो तसाच आपल्याच डीएनएला पकडणाराही होतो.

जुनी समजूत अशी होती की असा चुकीचा रिसेप्टर निघाला की पेशी मरते, विषय संपला. १९९३ साली दोन गटांनी वेगळंच दाखवलं, एक डेव्हिड नेमाझी यांचा आणि एक मार्टिन वायगर्ट यांचा. नेमाझींच्या उंदरांत जवळपास सगळ्या बी पेशींना मुद्दाम एकच रिसेप्टर दिलेला होता, आणि तो ज्याला पकडतो ते प्रोटीन काही उंदरांच्या स्वतःच्या पेशींवरच होतं. पेशी मरायला हव्या होत्या. पण मॅरोत रॅग पुन्हा जोरात सुरू झालेलं दिसलं, आणि ज्या पेशी बाहेर आल्या त्यांनी लाइट चेनच बदलून टाकली होती. पेशीला स्वतःचं काहीतरी चिकटतंय हे कळलं, तिने तिथेच थांबून नवीन लाइट चेन जोडली, रिसेप्टर बदलला आणि पुढे गेली. हे रिसेप्टर एडिटिंग. २००१ मध्ये उंदरांवरच्याच कामातून अंदाज आला की लाइट चेनच्या एकूण वैविध्यापैकी सुमारे पाव हिस्सा एडिटिंगमधून येतो, म्हणजे ही कधीतरी घडणारी भानगड नव्हे.

वायगर्ट यांच्या कामातला एक तपशील मला फार आवडतो. त्यांनी ल्युपस होणाऱ्या उंदराची डीएनएला चिकटणारी एक हेवी चेन घेतली. डीएनए निगेटिव्ह चार्जचा असतो, आणि डीएनए पकडणाऱ्या अशा हेवी चेनमध्ये पकडायच्या जागी आर्जिनिन हे पॉझिटिव्ह चार्जचं अमिनो अॅसिड भरलेलं असतं, म्हणून ती बहुतेक कुठल्याही लाइट चेनबरोबर डीएनएला चिकटतेच. मग निरोगी जातीच्या उंदरांत ही हेवी चेन घातली की ज्या बी पेशी जगून बाहेर येतात त्या काय करतात? त्यांच्याकडे मोजक्याच लाइट चेन सापडतात, आणि त्या अशा की ज्यांच्यात अस्पार्टेट म्हणजे निगेटिव्ह चार्ज नेमका त्याच बाजूला येतो. आर्जिनिनच्या समोर अस्पार्टेट आलं की डीएनए सुटतो. हेवी चेन जशीच्या तशी आहे, फक्त शेजारी बदलला. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी त्या रात्री दुसरं काहीच वाचू शकले नव्हते.

आता यातून आजार कसा येतो हा खरा प्रश्न, पण आधी तुमचे प्रश्न येऊ देत, मग त्यावर लिहिते.

साधा_वाचक

अप्रतिम लिहिलंय ताई. मी इंजिनीअर, बायोलॉजी दहावीनंतर सुटलेलं, तरी कळलं. पण एक अडलं. लाइट चेन एकदा जोडून झाली तर परत कशी जोडता येते? डीएनए कापूनच जोडलाय ना, मग मधला भाग गेला की तो गेलाच. आणि लाइटच का, हेवी का बदलत नाही?

कृष्णाकाठ

कापलं ते गेलं हे बरोबरच, पण कप्पाच्या जागेची मांडणी अशी आहे की अजून शिल्लक राहतं. एका बाजूला चाळीसेक कामाचे व्ही तुकडे, दुसऱ्या बाजूला ५ जे तुकडे. मधला एक व्ही आणि पहिला जे जुळले तरी त्याच्या मागचे व्ही आणि पुढचे जे तसेच राहतात, त्यांतला एक-एक घेऊन पुन्हा जोडलं की आधीचा जोड मधून निघून जातो. असं जे तुकडे संपेपर्यंत चालतं. मग दुसऱ्या क्रोमोसोमवरचा कप्पा. तोही संपला की एक खास कापाकापी होते जिच्यात कप्पाची जागाच कायमची निकामी होते आणि पेशी लॅम्डाकडे वळते.

हेवी चेनचं तसं नाही. व्ही-डी-जे जोडताना उरलेले सगळे डी तुकडे निघून जातात, त्यामुळे पुन्हा साधा जोड घालायला सामानच उरत नाही. तरी एक आडवाट आहे, जोडलेल्या व्हीच्या पोटात कापायची एक लपलेली खूण असते तिथून कापून नुसता व्ही बदलता येतो, पण हे माणसात कमी दिसतं.

मोगरा

मी शिवणकाम करते म्हणून मला असं कळलं बघा, ब्लाउज बेतला, अंगाला नीट बसेना, तर आपण सगळा ब्लाउज फेकून देत नाही, बाही उसवून दुसरी लावतो. कापड उरलंय तोवर लावत राहायचं, नाहीच उरलं तर मग टाकायचा. बरोबर का हो ताई?

कृष्णाकाठ

अगदी बरोबर, आणि हे मी आता वर्गात वापरणार. फक्त आजाराच्या बाजूने एक भर घालते, कधीकधी जुनी बाही उसवायची राहते आणि नवीही लागते.

तेच आता लिहिते.

एडिटिंगमुळे किंवा एडिटिंग असूनही स्वतःविरुद्धच्या अँटिबॉडीज येण्याचे जे रस्ते दिसलेत त्यातला सरळ रस्ता म्हणजे एडिटिंगच कमी होणं. पेशीला सिग्नल नीट पोचला नाही तर तिला कळतच नाही की आपण स्वतःला पकडतोय. २००८ मध्ये एक चांगला पेपर आला, त्यांनी वर सांगितलेली ती कप्पा निकामी करणारी कापाकापी मोजली, कारण पेशीने कप्पा सोडून दिल्याचा तो डीएनएवर राहिलेला पुरावा असतो. ल्युपसच्या आणि टाइप १ डायबिटीसच्या पेशंटमध्ये हे प्रमाण निरोगी लोकांपेक्षा कमी होतं. दोन अगदी वेगळे आजार, एकात किडनी, सांधे, त्वचा, दुसऱ्यात स्वादुपिंडाच्या इन्सुलिनच्या पेशी, आणि दोन्हीकडे एडिटिंगची खूण कमी. पीटीपीएन२२ नावाच्या जीनचा एक प्रकार असतो जो ल्युपस, संधिवात, टाइप १ डायबिटीस अशा बऱ्याच आजारांचा धोका वाढवतो, तर २०११ मध्ये दिसलं की तो प्रकार असलेल्या धडधाकट माणसांतसुद्धा स्वतःला चिकटणाऱ्या बी पेशी जास्त सुटून बाहेर येतात. माणूस अजून आजारीही नाही, तरी चाळणी ढिली.

दुसरा रस्ता तो उसवायच्या राहिलेल्या बाहीचा. पेशीकडे दोन क्रोमोसोम, एकावरची लाइट चेन डीएनए पकडणारी होती, एडिटिंग दुसऱ्यावर झालं, नवीन लाइट चेन चांगली निघाली पण जुनी शाबूत राहिली. आता त्या एका पेशीच्या अंगावर दोन प्रकारचे रिसेप्टर. चांगल्याने वाईटाची संख्या पातळ केली, सिग्नल कमी झाला, पेशी मॅरोतून पास झाली. एरवी असल्या पेशी थोड्याच असतात, पण २०१२ मध्ये ल्युपस होणाऱ्या उंदरांत बघितलं तर अशा दोन रिसेप्टरच्या पेशी नेमक्या प्लाझ्माब्लास्ट आणि मेमरी पेशींच्या गर्दीत जास्त सापडल्या, म्हणजे ज्या पेशी प्रत्यक्ष अँटिबॉडी ओततात किंवा लक्षात ठेवतात त्यांच्यात. इथे एडिटिंगने पेशी दुरुस्त केली नाही, तिला लपायला जागा करून दिली.

आणि तिसरं, बदललेला रिसेप्टर एक गोष्ट सोडतो पण दुसरी पकडतो. डीएनए सुटला, पण आपल्याच पेशीतलं वेगळं काहीतरी चिकटायला लागलं. वायगर्टवाल्या उंदरांत अशा अर्धवट सुधारलेल्या पेशी सापडतात.

अवकाळी

ताई, मला ल्युपस होऊन बरीच वर्षं झाली. सुरुवातीला केस गेले, गालावर चट्टे, ताप उतरेना, आणि घरातल्या बायकांनी मला किती ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. उन्हात फिरलीस, उपास केले नाहीस, बाळंतपणात अंग चोळून घेतलं नाहीस. तुमचं वाचून पहिल्यांदा असं वाटलं की हे माझ्या वागण्याच्या फार आधी कुठेतरी सुरू झालंय. माझा प्रश्न सरळ आहे, हे माझ्या जन्मापासून होतं का, आणि माझ्या मुलीत जाणार का?

कृष्णाकाठ

अवकाळीताई, तुम्ही काही केलंत म्हणून हे झालं नाही. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, वरचे सगळे आकडे तेच सांगतात.

जन्मापासून असते ती प्रवृत्ती. एकसारख्या जुळ्यांत, म्हणजे सगळे जीन्स तेच, एकीला ल्युपस असेल तर दुसरीलाही होण्याचं प्रमाण एका मोठ्या अभ्यासात २४ टक्के होतं, आणि साध्या जुळ्यांत २ टक्के. म्हणजे जीन्सचा हात मोठा आहे, पण सगळे जीन्स तेच असूनही चारातल्या तिघींना झाला नाही. मुलीला तुमचे अर्धेच जीन्स मिळतात. तिला होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त, पण न होण्याचीच शक्यता खूप मोठी.

डॉ_सांधेदुखी

मी र्‍हुमॅटॉलॉजीत काम करतो. लेख उत्तम, पण थोडं विरुद्ध बोलतो, चर्चेला बरं. ल्युपसच्या पेशंटमध्ये किडनी बिघडवणाऱ्या डीएनएविरोधी अँटिबॉडीज बहुतेक आयजीजी प्रकारच्या असतात आणि त्यांच्यात म्युटेशन्स ठासून भरलेली असतात. ही म्युटेशन्स मॅरोत होत नाहीत, ती होतात पुढे लिम्फ नोडमध्ये, जर्मिनल सेंटरमध्ये, जिथे पेशी कुठल्याशा इन्फेक्शनवर काम करताना आपली अँटिबॉडी घासूनपुसून धारदार करत असते. २००८ मध्ये ल्युपसच्या मेमरी पेशींच्या अँटिबॉडीज घेऊन त्यांची म्युटेशन्स उलटी फिरवून मूळ रूप बनवून बघितलं, तर बऱ्याचशा मूळ रूपात स्वतःला चिकटतच नव्हत्या किंवा सगळ्यालाच थोड्याथोड्या चिकटत होत्या. म्हणजे पेशी मॅरोतून निर्दोष बाहेर पडली आणि नंतर बिघडली. मग सगळा दोष एडिटिंगवर टाकणं मला पटत नाही.

कृष्णाकाठ

डॉक्टर, हा मुद्दा महत्त्वाचाच आहे आणि मी तो पुढच्या प्रतिसादात आणणारच होते, तुम्ही आणलात ते जास्त चांगलं. सगळा दोष एडिटिंगवर टाकायचा नाहीये. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. २००५ मध्ये उपचार सुरू न झालेल्या ल्युपसच्या पेशंटच्या नाइव्ह पेशी तपासल्या, ज्या जर्मिनल सेंटरमध्ये अजून गेलेल्याच नाहीत, म्युटेशन नाही, तर त्यांच्यात स्वतःला चिकटणाऱ्या २५ ते ५० टक्के निघाल्या, निरोगी लोकांत ५ ते २० टक्के. म्हणजे जर्मिनल सेंटरच्या आधीच गडबड आहे. संधिवाताच्या पेशंटमध्येही त्याच वर्षी तसंच दिसलं. आणि तुम्ही म्हणता त्या सगळ्यालाच थोड्याथोड्या चिकटणाऱ्या मूळ पेशी, त्याच तर मॅरोने अडवायला हव्या होत्या. म्हणजे मॅरोतून कच्चा माल जास्त सुटतो आणि जर्मिनल सेंटरमध्ये त्याला धार येते. दोन्ही ठिकाणची चूक एकावर एक चढते असं माझं मत.

डॉ_सांधेदुखी

हे मान्य. एकावर एक चढते हे शब्द योग्य आहेत.

अमेरिकन सैन्याचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. त्यांच्याकडे सैनिकांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं साठवून ठेवलेले असतात. ज्यांना पुढे ल्युपस झाला अशा १३० जणांचे जुने नमुने काढून तपासले, २००३ चा पेपर, तर ११५ जणांत, म्हणजे ८८ टक्के, आजार ओळखण्याआधीच्या नमुन्यात कमीत कमी एक तरी ऑटोअँटिबॉडी होतीच, काहींत तर नऊ वर्षांहून आधीपासून. क्रमही ठरल्यासारखा (पुढची सगळी ऑटोअँटिबॉडीजची नावं आहेत). एएनए (पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या), रो, ला आधी, डीएसडीएनए (दुहेरी डीएनएविरुद्धच्या) त्यानंतर, आणि एसएम, आरएनपी अगदी आजाराच्या तोंडावर. माझ्याकडे पेशंट येते तेव्हा ती म्हणते डॉक्टर महिन्याभरापासून त्रास आहे, आणि आतमध्ये हे कित्येक वर्षं चाललेलं असतं.

साधा_वाचक

मग २० टक्के तर माझ्यातही आहेत. मी आजारी का नाही? आणि शरीराने ते २० टक्के तरी का सोडले, सगळे मारून टाकायचे ना.

कृष्णाकाठ

आजारी नाही कारण मॅरोनंतरही अडवणूक आहे. बाहेर आलेली पेशी सतत स्वतःच्या प्रोटीनला चिकटत राहिली तर ती बधिर होते, १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात क्रिस्टोफर गुडनाव यांनी हे दाखवलं. ती जिवंत असते, पण ढकललं तरी पुढे जात नाही, आणि लवकर मरते. शिवाय बहुतेक बी पेशींना पुढे जायला टी पेशींची (प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशी) मदत लागते आणि टी पेशींची स्वतःची वेगळी गाळणी असते. २०२५ चं मेडिसिनचं नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं ते याच बाहेरच्या बंदोबस्तासाठी, टी-रेग म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशींसाठी.

सगळे का मारत नाही, तर त्यात नुकसान आहे. एचआयव्हीच्या खूप प्रकारांना एकदम पकडणाऱ्या ज्या दुर्मिळ अँटिबॉडीज आहेत त्यांतल्या काही आपल्याच शरीरातल्या चरबीच्या रेणूंनाही चिकटतात. असा रिसेप्टर उंदराच्या बी पेशींना दिला तर त्यातल्या बहुतेक पेशी मॅरोतच संपतात. म्हणजे गाळणी फार कडक केली की व्हायरसला वाट मिळते. मला यात शरीराची अडचण दिसते, थोडे स्वतःला चिकटणारे सोडावेच लागतात.

आणि बाफ नावाचं एक प्रोटीन आहे, बी पेशींना जगायला ते लागतं. स्वतःला चिकटणाऱ्या पेशींना जगायला ते जास्त लागतं, म्हणून बाफ मर्यादित असेल तोवर त्या स्पर्धेत हरतात. ल्युपसच्या बऱ्याच पेशंटमध्ये बाफ वाढलेलं असतं, मग ज्या मरायच्या त्याही जगतात.

डॉ_सांधेदुखी

बेलिमुमॅब हे औषध बाफलाच अडवतं. अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं, त्याआधी पन्नासेक वर्षं ल्युपससाठी म्हणून नवीन औषध मंजूरच झालं नव्हतं.

पॅथलॅबवाली

वाचतेय, फार सुंदर चाललाय धागा. मी एएनएच्या स्लाइड बघते रोज, तर ज्यांच्या हातात नुसता रिपोर्ट येतो त्यांच्यासाठी लिहिते. स्लाइडवर हेप-२ नावाच्या माणसाच्या पेशी वाढवलेल्या असतात. त्यावर पेशंटचं सीरम घालायचं, धुवायचं, मग हिरवा चमकणारा डाय लावलेली दुसरी अँटिबॉडी घालायची, परत धुवायचं, आणि अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघायचं. पॉझिटिव्ह असेल तर काळ्यावर हिरवी केंद्रकं उजळतात. पूर्ण भरीव हिरवं आणि विभागणाऱ्या पेशींत मधला पट्टाही झगझगीत, तर होमोजिनस, म्हणजे डीएनए-हिस्टोनकडे संशय. ठिपके ठिपके आणि विभागणाऱ्या पेशीचा पट्टा काळा, तर स्पेकल्ड, मग रो, ला, एसएम, आरएनपी बघायचं. डीएनएची खात्री करायला एक क्रिथिडिया नावाचा सूक्ष्मजीव वापरतात, त्याच्या पोटात शुद्ध दुहेरी डीएनएचा एक बारका गोळा असतो, तेवढाच गोळा हिरवा चमकला की डीएसडीएनए पॉझिटिव्ह. कितीही वर्षं बघितलं तरी तो चमकलेला गोळा बघून मी एकदा थांबतेच, कारण त्या कागदापलीकडे कोणीतरी बसलेलं असतं.

आणि कृपया लक्षात ठेवा, एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस नव्हे. निरोगी लोकांत १:४० ला (म्हणजे सीरम चाळीस पट पातळ करून) तीस टक्क्यांच्या आसपास, १:८० ला तेराएक टक्के आणि १:१६० ला ५ टक्के लोक पॉझिटिव्ह येतात. कृष्णाकाठ यांनी जे २० टक्क्यांचं सांगितलं ते वाचल्यावर यात नवल वाटत नाही. आमच्याकडे थकवा येतो म्हणून चेकअपच्या पॅकेजमध्ये एएनए करून घेतात आणि १:८० बघून रडत येतात, फार वाईट वाटतं.

अवकाळी

माझा रिपोर्ट होमोजिनस होता. इतकी वर्षं कागदावर वाचलं, कसं दिसतं ते आज कळलं. धन्यवाद ताई.

दर्यावर्दी

माझ्या बायकोला रितुक्सिमॅब दिलं होतं. बी पेशी शून्य झाल्या असा रिपोर्ट आला, डीएसडीएनए खाली आला, पण रो अँटिबॉडी होती तशीच. बी पेशीच नाहीत तर अँटिबॉडी कोण बनवतंय? आम्ही तेव्हा एका हॉस्पिटलात विचारलं तर नीट उत्तर मिळालं नाही.

डॉ_सांधेदुखी

रितुक्सिमॅब पेशीवरच्या सीडी२० ला धरतं. अँटिबॉडी ओतणाऱ्या जुन्या प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसतंच, त्या मॅरोत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं ओतत राहतात. रोविरुद्धच्या अँटिबॉडीज बऱ्याचदा अशा दीर्घायुषी पेशींतून येतात. डीएसडीएनए बऱ्याच पेशंटमध्ये नव्याने तयार होणाऱ्या, कमी जगणाऱ्या पेशींतून येतात, म्हणून ते उतरतं. तुमच्या बायकोच्या वयाची मला कल्पना नाही, पण मूल हवं असेल तर रो पॉझिटिव्ह आहे हे स्त्रीरोगतज्ज्ञांना आधीच सांगा. गर्भाच्या हृदयाचे ठोके अडण्याचा धोका १ ते २ टक्के असतो, तो बघायला इको करतात, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसचं रोजचं औषध गरोदरपणात चालू ठेवतात. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

दर्यावर्दी

सांगितलंत ते फार बरं झालं डॉक्टर. विचार चालू आहे आमचा. तिला वाचायला देतो.

साधा_वाचक

अजून एक. जर्मनीत ल्युपसला कार-टी (पेशंटच्याच टी पेशी बदलून करायचा उपचार) दिली असं वाचलं, सगळ्या बी पेशी उडवल्या आणि पेशंट बरे झाले. पण ताई, तुमच्या म्हणण्यानुसार मॅरोतली एडिटिंगच बिघडलेली असेल, तर नव्या बी पेशी त्याच मॅरोतून येणार, त्याच चुका करणार, मग आजार लगेच परत यायला हवा ना?

कृष्णाकाठ

या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न हा आहे.

एर्लांगेनमध्ये गेऑर्ग शेट यांच्या गटाने हे केलं, २०२२ मध्ये पाच पेशंटचा पेपर आला. पेशंटच्याच टी पेशी काढून त्यांना बी पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवलं आणि परत सोडलं. पाचही जणांचा आजार शांत झाला, ल्युपसची औषधं थांबवता आली. आणि सरासरी ११० दिवसांनी बी पेशी परत आल्या, पण त्या नाइव्ह, कोवळ्या, आणि डीएनएविरोधी अँटिबॉडीज त्या पाहणीच्या काळात परत आल्या नाहीत. जीन्स तेच, मॅरो तोच.

मला यातून असं दिसतं की ढिल्या एडिटिंगने एकट्याने आजार होत नाही. चाळणीतून सुटलेल्या पेशीला पुढे बाफ मिळावं लागतं, टी पेशीची साथ लागते, मेलेल्या पेशींचा डीएनए-आरएनए आत ओढून घेऊन टीएलआर७ आणि टीएलआर९ हे सेन्सर पेटावे लागतात, जर्मिनल सेंटरमध्ये धार यावी लागते, आणि मग मेमरी तयार होते. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या सैनिकांत हे व्हायला वर्षं लागली. कार-टीने हा सगळा साचलेला इतिहास पुसला. चाळणी तशीच राहिली तरी वर्षांचा साठा गेला. म्हणून मी एडिटिंगला आजाराचं कारण म्हणण्यापेक्षा आजाराची पूर्वतयारी म्हणेन.

टीएलआर७ वरून एक. तो जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, आणि बायकांत दुसरा एक्स बंद असतो तरी हा जीन काही पेशींत चालूच राहतो. ल्युपसचे दहापैकी नऊ पेशंट बायका का, त्याचं एक कारण हे. २०२२ मध्ये स्पेनमधल्या एका मुलीत टीएलआर७ चा एकच बदल सापडला ज्याने तिला लहानपणीच ल्युपस झाला, तोच बदल उंदरात घातला तर उंदरालाही झाला.

मोगरा

ती कार-टी आपल्याकडे मिळते का?

डॉ_सांधेदुखी

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेली नेक्सकार१९ ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली, तीही सीडी१९ वरच काम करते. पण मंजुरी बी पेशींच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी आहे, ल्युपससाठी नाही. ज्यांचा ल्युपस साध्या औषधांनी आटोक्यात आहे त्यांनी तिच्या मागे लागू नये. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोज घ्या, डोळे तपासून घ्या, लघवीतलं प्रोटीन वेळच्या वेळी बघा. यातलं लघवीचं सगळ्यात जास्त लोक चुकवतात आणि किडनी तिथेच जाते.

निळी_शाई

धागा उशिरा वाचला. माझ्या भाच्याला टाइप १ डायबिटीस आहे, त्याच्या रिपोर्टमध्ये जीएडी नावाच्या प्रोटीनविरुद्धची अँटिबॉडी पॉझिटिव्ह होती. तर एडिटिंग कमी होतं ते मोजण्यासाठी रक्ताची काही टेस्ट करता येते का? नेटवर कप्पा-लॅम्डा रेशो अशी टेस्ट दिसली, लॅबवाले म्हणाले करून देऊ.

पॅथलॅबवाली

नका करू. ती फ्री लाइट चेनची टेस्ट मल्टिपल मायलोमासाठी असते, म्हणजे एकाच बी-वंशातल्या पेशींची बेसुमार वाढ झाली आहे का हे बघायला. नॉर्मल रेशो ०.२६ ते १.६५. तुमच्या भाच्याचा तो नॉर्मलच येईल आणि त्यातून एडिटिंगबद्दल काहीही कळणार नाही.

कृष्णाकाठ

बरोबर. एडिटिंग मोजायचं तर लॅम्डावाल्या बी पेशी वेगळ्या काढून त्यांच्या डीएनएवर कप्पा निकामी झाल्याच्या खुणा मोजाव्या लागतात, ते फक्त रिसर्च लॅबमध्ये होतं आणि एका माणसाच्या आकड्यावरून उपचार काही बदलत नाही. टाइप १ मध्ये नुकसान मुख्यतः टी पेशी करतात, जीएडीसारख्या अँटिबॉडीज ते चालू असल्याची खूण म्हणून उपयोगी. घरात त्याची भावंडं असतील तर त्यांच्या अँटिबॉडीज तपासायच्या का हे मात्र त्याच्या डॉक्टरांना जरूर विचारा, त्याचा खरा उपयोग होऊ शकतो.

निळी_शाई

धाकटी बहीण आहे त्याला, सात वर्षांची. पुढच्या व्हिजिटला विचारायला सांगते वहिनीला. आणि ती कप्पा-लॅम्डाची टेस्ट कॅन्सल केली आत्ताच फोन करून.